कुणाचाच नसलेला खांब

केनियातल्या किलिफीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला माझं दुकान आहे. तिवया, टोपल्या, कोरीव दारं, भोपळ्याची भांडी. गिऱ्हाईक बहुतेक गोरं, इथे घर करून राहिलेलं. त्यातलं सगळ्यात कटकटं म्हणजे ओर्नेलाबाई. मूळच्या मिलानच्या, नवरा गेल्यावर खाडीकाठी बंगला बांधून एकट्याच राहायच्या. वस्तू उलटीपालटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "म्बेयू, ही वाळवी तू घरी पाळतेस की बाहेरून मागवतेस?"

यंदा त्यांना किगांगो हवा होता. आमच्या गिरियामा जमातीत मान्यवर माणूस गेला की त्याच्यासाठी माणसाएवढा खांब कोरून रोवतात. वर गोल डोकं, खाली त्रिकोणांची नक्षी. त्याला नारळाची माडी वाहतात, त्याच्याशी बोलतात. हे खांब उपटून नेऊन विकणारेही पुष्कळ आहेत.

"चोरीचा नको," बाई म्हणाल्या. "नवा करून घे. कुणाचा मेलेला बाप मला बागेत नकोय."

मला ते पटलं. पितरांवर माझा विश्वास नाही. मी रविवारी चर्चला जाते.

सुतारकाम करणाऱ्या म्वारिंगाकाकांनी लाकूड निवडलं आणि विचारलं, "कुणाचा करायचा?"

"कुणाचाच नाही. शोभेचा."

"काहीतरी नाव सांग."

"नाव नाहीच, काका."

ते बराच वेळ लाकडावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुझं शहाणपण तुझ्यापाशी," आणि पटाशी उचलली.

खांब बाईंच्या पोहण्याच्या तलावाशेजारी रोवला. सुरेख दिसत होता. बाईंनी त्याला एकही नाव ठेवलं नाही.

थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "तुझी माणसं घेऊन जा."

"कुठली माणसं?"

"नाटकं करू नकोस."

मी पोचले तेव्हा ऊन टळटळीत होतं. रखवालदार जेफ्वा फाटकाशीच उभा होता. "मी कुणाला आत सोडलेलं नाही, ताई," तो मी विचारायच्या आधीच म्हणाला.

खांबासमोर एक म्हातारी बसली होती, तिच्यामागे एक पुरुष आणि मुसमुसणाऱ्या दोन बायका. म्हातारीने चुण्यांचा आखूड पांढरा घागरा नेसला होता. तसा आता कुणी नेसत नाही. भोपळ्यातून ती खांबाच्या बुडाशी माडी ओतत होती. मातीला आंबूस वास सुटला होता.

"कुठल्या गावच्या तुम्ही, आजी?"

"इथल्याच."

"आणि हा कोण?"

"नवरा माझा."

"अहो, हा नवा खांब आहे. हा कुणाचाच नाही."

म्हातारीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या द्वेषाने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"कुणाचाच नव्हता," ती म्हणाली, "म्हणून तर मिळाला."

बाई व्हरांड्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या. "काय हवंय त्यांना?"

"काही नाही."

"तुमच्यात फुकट कुणी रडतं का?"

"आमच्यात रडायला भाडं लागत नाही, बाई," मी म्हटलं आणि निघून आले.

त्यानंतर पोलीस दोनतीनदा येऊन गेले. पोलीस आले की बाग रिकामी असायची. ते गेले की माणसं पुन्हा बसलेली, आधीपेक्षा जास्त. जेफ्वा म्हणाला, आधी ती सगळी खांबाकडे तोंड करून बसायची. आता बाईंकडे तोंड करून बसतात.

एका सकाळी बाईंचा पुन्हा फोन आला. दम लागला होता. "कापला मी तो. बुंध्यासकट उपटून जाळला. सांग तुझ्या लोकांना."

त्यांच्या आवाजामागे बायका रडत होत्या. मर्तिकाला उठतो तसा आक्रोश. मग तो एकदम थांबला, आणि बाईही बोलायच्या थांबल्या. फोन मात्र चालू होता.

मी दुकान उघडंच टाकून निघाले.

फाटक सताड उघडं. जेफ्वाची खुर्ची आडवी पडलेली.

बागेत म्हातारी एकटीच होती. तिच्यासमोर, जिथे खांब होता तिथे, ओर्नेलाबाई उभ्या होत्या. हात अंगाला चिकटवून, मान ताठ. केस ओले होते. त्यांतून माडी गालांवर ओघळत होती.

"बाई, घरात चला."



मी त्यांचं मनगट धरलं. गरम होतं, नाडी चालू होती. जोर लावून ओढलं. त्या तसूभरही हलल्या नाहीत.

"ओढू नकोस, पोरी," म्हातारी हळूच म्हणाली. आवाजात आता राग नव्हता, मायाच होती. "दमलाय तो. आत्ता कुठे उभा राहिलाय."

मी खाली पाहिलं.

बाईंचे पाय घोट्यांपर्यंत जमिनीत होते. माती उकरल्याची खूण कुठेच नव्हती. गवत घोट्यांना लागून सलग उगवलेलं होतं.

माडीच्या वासावर लाल मुंग्या आल्या होत्या. पोटरीवरून, हातावरून, मानेवरून त्यांची रांग वर वर जात होती. बाईंनी एकही झटकली नाही.

पापण्या मात्र लवत होत्या.