लाल नाडीचे बूट

या, जरा जवळ सरका. बाहेर वारा आहे, आत शेगडी आहे, आणि सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. देवाला स्मरून सांगते, यात माझ्या पदरचं काही नाही. माझ्या मैत्रिणीने, टोरगुनने, तिच्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलंय.

उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या स्वालबार्डच्या बेटावरची गोष्ट. नोव्हेंबरातली दुपार.

दुपार म्हणायची आपली. सूर्य ऑक्टोबरातच गेलेला, तो थेट फेब्रुवारीत उगवणार. काळोख तो काळोखच.

टोरगुनचा नवरा आयलर्ट पूर्वी कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद पडली आणि तो पाहुण्यांना हिमनदी दाखवायला नेऊ लागला. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, म्हणून सकाळीच तो हिमनदीपलीकडच्या झोपडीत चुलीची लाकडं रचायला निघाला. येणाऱ्याला नुसती काडी ओढायची बाकी ठेवायची, ही इथली रीत.

"येताना बूट झटकून ये," टोरगुन म्हणाली. "नाहीतर तुलाच बाहेर ठेवीन."

"तीस वर्षं हेच ऐकतोय," आयलर्ट हसला. "ठेवलंस का कधी?"

तो गेला, आणि वादळ उठलं.

जेवणवेळ टळली. आयलर्टचा पत्ता नाही. टोरगुनचा धाकटा भाऊ हालवार शोधपथकात होता. तो माणसं घेऊन निघाला.

टोरगुन चुलीपाशी एकटी. माशांचं सूप ढवळत होती... ओठांवर चर्चमधलं भजन.

आणि दार वाजलं.

ठोठावल्याचा आवाज नव्हे. आमच्या गावात कुणी ठोठावत नाही, दारं उघडीच असतात. दार ढकलल्याचा आवाज.

मग... धप्.

थोड्या वेळाने पुन्हा... धप्.

बूट काढल्याचा आवाज. कोळशाची काजळी आत नको म्हणून खाणीच्या काळापासून इथे बूट दारातच उतरतात. घर असो, हॉटेल असो, देवाचं दार असो.

"आलास एकदाचा?" ती आतूनच ओरडली. "सूप गार होतंय."



फक्त मोज्यातली पावलं... जिना चढून वर गेली.

तिने दारात डोकावलं. रॅकवर आयलर्टचे बूट. डाव्या बुटाची नाडी लाल. जुनी तुटली तेव्हा तिनेच ओवलेली.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने हालवारला फोन लावला.

"अरे, परत फिर. आला तो."

"ताई, तू पाहिलंस त्याला?"

"बूट आहेत रॅकवर. बूट आहेत म्हणजे माणूस घरात आहे."

"बरं. त्याला म्हणावं, आता माझ्यासाठीही सूप ठेव."

पथक अर्ध्या वाटेतून वळलं. इथल्या कुणीही तेच केलं असतं.

टोरगुन वाडगा घेऊन वर गेली.

पलंग रिकामा. चादरीला सुरकुती नाही.

खोलीत... बाहेरच्यापेक्षाही गारठा.

ती धावत खाली आली. बूट तिथेच होते. तिने हात लावला...

कोरडे.

बाहेर बर्फ कोसळतोय आणि बुटांवर कण नाही. स्वच्छ झटकलेले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तिने पुन्हा फोन लावला, आणि हालवार पुन्हा निघाला. पोहोचेपर्यंत वारा पडला होता.

आयलर्ट झोपडीत चुलीसमोर बसलेला सापडला. लाकडं नीट रचलेली. काडी हातात, न ओढलेली. अंग लाकडासारखं कडक.

पायांत नुसते मोजे.

दाराबाहेर त्याची बर्फावरची गाडी उभी होती. आणि बर्फात एकाच माणसाचे बुटांचे ठसे, झोपडीतून निघून थेट गावाकडे वळलेले... जिथून कुणी पायी चालत नाही, त्या हिमनदीवरून.

"मी पथकाला परत बोलावलं म्हणून गेला का हो तो?" टोरगुनने डॉक्टरांना विचारलं. दुसरं काही विचारलंच नाही.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याचं हृदय सकाळीच थांबलं. तुम्ही फोन केला त्याच्या कितीतरी आधी."

मग बूट कोण घालून आलं?

ते बूट अजून रॅकवर आहेत. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, हालवारने हात जोडले, पण ती हलवू देत नाही. मी गेले की माझे बूट खालच्या फळीवर ठेवते. वर बघत नाही.

परवा आम्ही दोघीच स्वयंपाकघरात बसलो होतो, तर माडीवरची फळी करकरली...

टोरगुनने मान वर केली नाही. तिसरा वाडगा काढला आणि सूप वाढलं.

वाफ होती त्याला. मी पाहत होते, आणि वाफ एकदम विरली.

मला अजून कळत नाही, घरी आलं ते कोण. पण तुमच्याही उंबऱ्याशी पायताणं उतरतात. तिथे वाकाल, तेव्हा आयलर्टची आठवण ठेवा. एवढंच मागते.