बायबिशे आणि तोकाल

अल्माटीच्या कॉम्प्युटर बाजारात कुरालाय शिरली ती थेट एका तरुणाच्या अंगावरच. बूट बर्फाच्या चिखलाने माखलेले, फरशी ओली... त्याने एका हाताने खोकी सावरली, दुसऱ्याने तिला.

"जपून! नाजूक माल आहे," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तुमची वॉरंटी कुठे माहीत आहे मला!"

तिला हसूच फुटलं. त्याचं नाव मेइरम, आणि समोरचं दुकानही त्याचंच.

तिचं दुखणं साधं होतं. ती लग्नांचे व्हिडिओ बनवायची, आणि अल्माटीतलं लग्न म्हणजे शेवटचा पाहुणा नाचून थकेपर्यंत कॅमेरा बंद करायची सोय नाही.

"कॉम्प्युटरमधली एसएसडी पळते छान, पण दोन लग्नांतच गच्च भरते," ती म्हणाली.

"मग जोडीला मोठी हार्ड डिस्क घ्या. कापाकापी एसएसडीवर, तयार झालेली लग्नं डिस्कवर."

"घरघर करत बसेल ना?"

"हळू फिरणारी घ्या. जरा संथ... पण शांत."

काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिला चार टेराबाइट की आठ, असा घोर लागला. त्याच्या पुढच्या दिवशी केबलचा! मेइरम दुधाचा चहा पुढे करायचा, बोटं क्षणभर टेकायची, आणि ही पोरगी लाजून चूर. आवडला होता तिला तो, अगदी वेड्यासारखा आवडला होता.

आणि मग एके दुपारी दुकानाच्या दारातच तिने ऐकलं... मेइरम फोनवर सांगत होता, "हो दादा, बायबिशे चपळच आहे, पण एकटीला कुठवर झेपणार? तोकाल आणतोय आजच. दोघी सुखाने नांदतील!"

बायबिशे म्हणजे थोरली बायको, तोकाल म्हणजे तिच्यावर आणलेली दुसरी. कुरालायच्या पायाखालची जमीनच सरकली. ती तरातरा मागे फिरली.

तो धावत जिन्यापर्यंत आला. "अहो... डिस्क?"

"घाला तुमच्या तोकालच्या घशात!"

तो आधी गोंधळला, मग पोट धरधरून हसला. "अहो, गिऱ्हाइकाशी बोलत होतो! बाजारात आम्ही एसएसडीला बायबिशे म्हणतो अन् जोडीच्या डिस्कला तोकाल. माझी... माझी तर अजून पहिलीसुद्धा नाही."

तिचा जीव भांड्यात पडला, पण नाक वरच. "माझ्या कॉम्प्युटरमध्ये सवती चालायच्या नाहीत."

"मग काय म्हणायचं?"

"नवरा-बायको म्हणा. ती घाईची, चटकन तापणारी. तो संथ, शांत... सगळं सांभाळून ठेवणारा."

मेइरमचे कान लालबुंद झाले. "मग... कुठली निवडलीत?"

"डिस्क होय? ती पहिल्याच दिवशी निवडली होती," कुरालाय म्हणाली. "रोज येत होते ते तुला निवडायला."