तिसऱ्यांच्या पाण्यातली सुरी

पुस्तक बगलेत मारून तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायला आलेली मुलगी केरी गावाने त्याआधी कधी पाहिली नव्हती. पुस्तकवाले येत नाहीत असं नाही. गोरे लोक येतात, वाळूत उताणे पडतात आणि पुस्तक तोंडावर घेऊन झोपतात. पण ही आपल्यातली होती. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून खाडीच्या पाण्यात उभी, दातांत पेन्सिल, आणि समोर शिंपल्या काढणाऱ्या बायकांकडे परीक्षेला बसल्यासारखी बघत होती.

"तिथं नको. तिथं पाय जातो," मागून कोणीतरी म्हणालं.

गौरवी वळली आणि नेमका पाय गेला. पुस्तक वाचलं, वही वाचली, डावी चप्पल मात्र पलीकडच्या तीरावरच्या तेरेखोलच्या दिशेने निघाली. मागच्या माणसाने दोन ढांगांत ती गाठली, पाणी झटकलं आणि तीर्थ द्यावं तशी अदबीने तिच्या हातात ठेवली.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

"आधी सांगायचं असतं."

"आधीच सांगितलं. तुम्ही नंतर ऐकलंत."

हा साईश. तिशीचा, उन्हाने रापलेला, बी.कॉम. अर्धं टाकून आतेबरोबर राहणारा. आतेच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि सुकती लागली, पाणी उतरलं, की खाडीत तिसऱ्या काढायच्या, हा त्याचा उद्योग.

"तिसऱ्या हव्यात?" त्याने विचारलं.

"हव्यात. पण खायला नाही."

"मग?"

"लिहायला."

आता हिचं काय ते सांगायला हवं. गौरवी साखळी गावची, तिथल्या वाचनालयात नोकरीला. वाचनालयाला सुट्टी शुक्रवारी, म्हणून म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तिचा ठरलेला. तिथे मिरच्या आणि सुक्या मासळीच्या ढिगांपलीकडे, गोऱ्यांनी खोल्यांत टाकून दिलेली पुस्तकं विकायला येतात. त्या ढिगात तिला एकदा एका जपानी बाईची कादंबरी सापडली, इंग्रजीत आणलेली. मग दुसरी, मग पाचवी. बघता बघता नादच लागला. पातळशी पुस्तकं. त्यांत खून नाही, खजिना नाही, कोणी कोणाच्या थोबाडीत मारत नाही. एक बाई लाँड्रीत काम करते, एक नवऱ्याला सोडून गावी येते, एक सासूबरोबर मुळ्याचं लोणचं घालते, आणि एवढ्याशा गोष्टीत आपल्या डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळत नाही. ती इंग्रजीत आणणारीही बहुधा बाईच असायची. गौरवीला वाटे, दोघींनी मिळून दारापर्यंत आणून सोडलंय, पुढे घरात न्यायचं काम आपलं. म्हणून ती त्यातली एक मराठीत करत होती आणि दर शनिवारी दुपारी वाचनालयात आठ-दहा बायकांना नवं प्रकरण वाचून दाखवत होती. म्हातारे ग्रंथपाल गोकुळदास चहा आणून ठेवायचे आणि कपाटाआड उभे राहून ऐकायचे.

तिचा एक नियम होता. पुढचं पान आधी वाचायचं नाही. नायिकेला जे माहीत नाही ते मला तरी कशाला?

नायिका हानाए. चाळिशीची, समुद्राकाठच्या गावी मावशीची बंद पडलेली खानावळ उघडून बसलेली. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक माणूस मोठ्या सुकतीच्या दिवशी तिच्याकडे येतो, चहा पितो, काही न बोलता जातो. सातव्या प्रकरणात हानाए चिखलातून तिसऱ्या काढते आणि तिथेच गौरवीची गाडी अडली. साखळीत तिसऱ्या दिसतात त्या बाजारात, नाहीतर ताटात. चिखलात हात कसा जातो, काय लागतं, कसं लागतं... अंदाजपंचे लिहायचं तिच्याने होईना. म्हणून केरी.

"हाताने नाही, आधी पायाने शोधायची," साईश सांगत होता. "टाच फिरवा. हळू."

"टोचतंय."

"मग ती तिसरी."

"दगड असला तर?"

"तर दगड. वर काढल्याशिवाय कळत नाही. माणसांचंही तसंच."

"हे सगळ्या पाहुण्यांना सांगता?"

"नाही. गोऱ्यांना मराठी कुठे कळतं?"

ती हसली, आणि हसण्यात वहीवर पाणी उडालं. तो त्या भिजल्या वहीकडे बघत होता की तिच्याकडे, हे तिने विचारलं नाही. काठावर बसलेली पद्मावती आते मात्र दोघांकडेही नीट बघत होती.

मग काय, पुढच्या शुक्रवारी शंका आली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी एक. भरतीला तिसऱ्या निघत नाहीत हे गौरवीला एव्हाना पाठ झालं होतं, तरी भर भरतीच्या दिवशीही बाई केरीच्या बसमध्ये. आतेच्या व्हरांड्यात बसून ती नवं प्रकरण वाचायची आणि साईश जाळं शिवत ऐकायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ऐकणारा असा की वाचणारीने मध्ये श्वास घेतला तर सुई थांबवायचा.

"तो बोलत का नाही गो तिच्याशी?" एकदा त्याने विचारलं.

"तेच मी विचारतेय."

"त्याला वाटत असेल... तिला कळतंय."

"कळतंय. पण ऐकायचंही असतं ना."

साईशने सुईत दोरा ओवला, जो आधीच ओवलेला होता. वाऱ्याने तिच्या बटा तोंडावर येत होत्या; तिने त्या मागे सारल्या नाहीत. आते आतून म्हणाली, "च्या थंड जाता," आणि तो शुक्रवार तसाच गेला.

पाचव्या शुक्रवारी गौरवी वाचायला बसलीच नाही. साईश बालदीत तिसऱ्या धूत होता, त्याच्यासमोर उभं राहून तिने सांगून टाकलं.

"पुण्याचं स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत. रविवारी अकरा वाजता फोन करणार आहेत. हो की नाही ते सांगायचंय."

त्याचा हात पाण्यात थांबला. ती थांबली. एक शब्द, साईश... कुठलाही चालेल.

"पुणं चांगलं शहर आहे," तो म्हणाला.

"गेलायस कधी?"

"नाही. पण... पुस्तकांची दुकानं मोठी असतात म्हणे."

आता अशा माणसाला काय म्हणावं? त्याच्या मनात काय होतं ते मी सांगते. ही एम.ए. झालेली, दहा बायकांना समोर बसवून वाचणारी. आपण दोन खोल्या झाडणारे, हाताचा मासळीचा वास साबणाने जात नाही. गप्प राहणं हीच सभ्यता, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. पण गौरवीला हे कोण सांगणार? तिने पिशवी उचलली आणि चालू लागली.

बसमध्ये तिने पुस्तक उघडलं. एकच पान उरलं होतं. हानाए तिसऱ्या घेऊन घरी येते. मोठ्या भांड्यात पाणी ओतते, मीठ घालते, तिसऱ्या सोडते. मग स्वयंपाकघरातली सुरी उचलते, त्याच पाण्यात ठेवते, पडदा ओढते आणि अंधारात बसून राहते. संपलं.

सुरी. अंधार. तो माणूस पुन्हा आलाच नाही. गौरवी हरमलपासून म्हापशापर्यंत रडत राहिली. शेजारी बसलेल्या मासळीवालीने न राहवून विचारलं, "कोण गेलं गो बाय?"

"हानाए," गौरवी म्हणाली, आणि मासळीवालीने हात जोडले.

शनिवारी वाचनालयात तिने ते पान वाचलं. मराठीत करताना इंग्रजीत नसलेला एक शब्द तिने पदरचा घातला होता. 'अंधारात शेवटची बसून राहिली.' बायकांनी पदर डोळ्यांना लावले, गोकुळदासांचा चहा तसाच राहिला. गौरवीने वाचन मोबाईलवर भरून साईशला पाठवलं, खाली लिहिलं, "संपलं." त्याने ऐकल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. हानाएसारखी बाई वाट बघून थकली, तर आपण कोण मोठ्या? घरी जाऊन तिने आईला सांगितलं, "पुण्याला हो म्हण."

रविवारी नऊला म्हापसा-साखळी बसचा कंडक्टर बाबली दारात उभा. हातात झाकणाला दोरी बांधलेला मोठा डबा.

"केरीच्या पहिल्या बसने म्हापशाला आला. सांभाळून आणलाय, तरी माझी पँट भिजली," एवढं बोलून तो गेला.

आईने दोरी सोडली, झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरकली. आत खाडीचं पाणी, पाण्यात तिसऱ्या, आणि तिसऱ्यांत आडवी ठेवलेली सुरी.

"अगो, सुरी कोण पाठवतो माणसाला?"

गौरवी पुढे झाली. झाकणाला आतून प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी चिकटवली होती. तिने ती उलगडली.

"गौरवी, ती मेली नाही. तुझं वाचन आतेला ऐकवलं. मला रडू येत होतं आणि आते हसायला लागली. म्हणते, मरायला निघालेलं माणूस तिसऱ्यांची वाळू काढत बसतं काय? पाण्यात लोखंड ठेवलं आणि अंधार केला की तिसऱ्या तोंड उघडतात, पोटातली वाळू टाकतात. केरीत सगळ्या बायका असंच करतात. जपानात पण करत असतील. एकटीच्या जेवणाला एवढा खटाटोप कोणी करत नाही. तिच्याकडे सकाळी कोणीतरी जेवायला येणार आहे. तो येणार आहे.

पुणं चांगलं आहे म्हटलं ते उगाच. मला पुण्याचं काही माहीत नाही. शुक्रवार कसा असतो तेवढं माहीत आहे. तू गेलीस तेव्हापासून मला कळत नाहीय की...

मी पण सुरी घालून ठेवली आहे. साईश."

गौरवीने डब्यात पाहिलं. झाकणाच्या अंधारात दोन तासांचा प्रवास करून आलेल्या तिसऱ्यांनी तोंडं जराशी उघडली होती आणि तळाला बारीक वाळू बसली होती. म्हणजे हानाए त्या अंधारात मरायला बसली नव्हती. ती उद्याच्या जेवणाची तयारी करून बसली होती. आणि आपण दहा बायकांना रडवलं. तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले.

चिठ्ठी खांद्यावरून वाचत असलेल्या आईने विचारलं, "हा कोण?"

"केरीचा."

"करतो काय?"

"तिसऱ्या काढतो. खोल्या भाड्याने देतो." ती थांबली. "आणि ऐकतो."

"काय ऐकतो?"

"मी वाचते ते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता."

आईने पेपरात डोकं घातलेल्या बाबांकडे एकदा पाहिलं. बाबांना काही कळलं नाही. आई डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली.

अकरा वाजता फोन वाजला. आई उठली नाही, म्हणून गौरवीने घेतला. "काकू, मी गौरवीच बोलतेय... नाही, आईला बरं आहे. मीच सांगते. तुमचा मुलगा चांगला आहे, पण माझं मन दुसरीकडे आहे. हे आधी सांगायला हवं होतं. मला माफ करा." पलीकडच्या बाई भल्या होत्या, फार बोलल्या नाहीत. तिने फोन खाली ठेवला. मग तिने वही काढली, शेवटच्या पानावरचा 'शेवटची' हा शब्द खोडला.

आई ओला हात पदराला पुसत बाहेर आली. "तिसऱ्यांचं सुकं मी करते. तू ही सुरी परत देऊन ये. दुसऱ्याचं हत्यार घरात ठेवू नये."

"आज?"

"मग काय श्रावणात? सव्वाअकराची बस आहे. आणि डबा रिकामा नेऊ नको, बरं दिसत नाही." डब्यात तिने परसातल्या फणसाचे गरे भरले होते, वर केळीचं पान. साखळीकडून केरीला पाठवण्यासारखं आणखी काय असणार?

गौरवी पोचली तेव्हा पाणी उतरत होतं. साईश खाडीत गुडघाभर पाण्यात उभा होता आणि काढत काहीच नव्हता. तिला पाहिलं आणि तो जागचा हलला नाही.

"सुरी परत द्यायला आलेय," ती काठावरून म्हणाली.

"एवढ्या लांब?"

"आई म्हणाली."

"आणि तू काय म्हणालीस... पुण्याला?"

"नाही म्हणाले."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून तिला जवळ जावंसं वाटलं, पण ती थांबली. एवढं सोपं सोडायचं नाही, असं बसमध्येच ठरलं होतं.

"आणि हो म्हणायलाही आलेय. पण मला अजून कोणी काही विचारलंच नाही."

"चिठ्ठीत..."

"चिठ्ठीत आते बोललीय. तू बोल."

साईशने तिच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, परत तिच्याकडे. व्हरांड्यातून पद्मावती आतेचा आवाज आला, "सुरी तिच्या हातात आसा रे. आता तरी तोंड उगड."

आणि त्याने उघडलं.

"शुक्रवार पुरत नाही गो मला," तो म्हणाला. "सगळे वार हवेत. तू वाचायचं, मी ऐकायचं. माझ्याशी लग्न करशील?"

गौरवीने फणसाचा डबा काठावर ठेवला, सुरी त्याच्या शेजारी ठेवली आणि सरळ पाण्यात शिरली.

"तिथं नको, तिथं पाय..."

पाय गेला. पण ह्या वेळी तिचा हात त्याच्या हातात होता, मासळीच्या वासासकट. डावी चप्पल निघाली तेरेखोलला. दोघांनीही ती जाताना पाहिली आणि कोणी तिच्यामागे गेलं नाही.