जांभळीखालची ओळ

पुण्यात नोकरी करणाऱ्या रुपेशनं आपला जुना कॉम्प्युटर देवळीला आणून दिला, तेव्हा म्हातारा पत्ते खेळेल एवढीच त्याची अपेक्षा होती. निवृत्त मास्तर असलेल्या त्याच्या वडिलांनी, रामाजींनी मात्र घरच्या आठवणी टाइप करायला घेतल्या. मग रुपेशनं ऑफिसात वापरायचं गिट नावाचं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं. फाइलमधला प्रत्येक बदल त्यात जपला जातो. तुलना केली की खोडलेली ओळ लाल दिसते, नवी हिरवी. सगळ्या बदलांची एक प्रत देवळीला, एक पुण्याला. दिवाळीत पेन ड्राइव्हवरून दोन्ही जुळवायच्या, हा बापलेकांचा सणच होऊन बसला होता.

२००८च्या डिसेंबरात वर्ध्याला दिलेल्या बहिणीचा, सरिताचा फोन आला. बाबा हल्ली आईशी बोलतात, म्हणाली. आई, सुलोचना, जाऊन चौदा वर्षं झाली होती. बाबांना घर सोडायला लावून पुण्याला न्यायचं का, हे आता ठरवायला हवं होतं. रुपेश आला. सकाळी रामाजी दूध आणायला गेले आणि तो जुने-नवे बदल ताडून बघायला बसला.

बाकी सगळं ठाकठीक होतं. पवनारला धाम नदीत डुंबलेली दुपार जशीच्या तशी होती. एकच ओळ पुन्हा पुन्हा लाल झाली होती. सुरुवातीला आई परसात जांभळीखाली तुरीच्या शेंगा सोलत बसायची. ते वाचताना रुपेशच्या नाकात ओल्या टरफलांचा वास आला. पुढच्या बदलात ती मागच्या उंबऱ्यावर होती. मग माजघरात. परवाच्या हिरव्या ओळीत, बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी.

म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, हे उघड झालं. रुपेशला भडभडून आलं. निदान आठवण तरी खरी राहावी म्हणून त्यानं पहिली ओळ परत टाकली, बदल नोंदवला आणि कॉम्प्युटर बंद केला.

रामाजी मागच्या दारानं आत आले. दुधाचा डबा खाली ठेवला.

“तिले काऊन बाहेर काढलं रे?” ते हळू म्हणाले. “जांभळीखाली कुडकुडून राह्यली ते.”

रुपेश परसात गेला. जांभळीचं झाड कधीच तोडलं होतं. त्या उघड्या जागेवर तुरीची हिरवी, ओली टरफलं पडली होती.

तो आत आला. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत तो उभाच राहिला. खाटेच्या पायथ्याची ओळ त्यानं परत टाकली.

रामाजी आडवे झाले होते. डोळे न उघडताच त्यांनी पाय आखडून घेतले, कोणाला बसायला जागा करून द्यावी तसे.