चंद्रावरचं विरजण

चांद्रवसाहतीच्या तपासणी-प्रयोगशाळेत डॉ. कुमुद आचरेकरांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. "हं, कर बाबा काय करायचं ते. पण सांडू नकोस. देवगडहून जिवापाड जपून आणलंय."

डब्यात विरजण होतं. त्यांच्या आईच्या वेळचं, रोज चमचाभर मागे ठेवून जिवंत राखलेलं. काचेपलीकडे मुलगी मैथिली तान्ह्या लेकीला घेऊन उभी होती. नातीला कुमुदताईंनी अजून हातही लावला नव्हता. पृथ्वीवरून आलेल्या पाहुण्याला काचेच्या अलीकडेच थांबावं लागे.

तपासणारा डॉ. इलियास नाखवा त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने दह्याचा थेंब उग्रतामापकात सोडला. यंत्रात वसाहतीतल्या माणसांच्या रक्तापासून वाढवलेल्या जिवंत पेशींच्या चकत्या होत्या. किती जंतू घातल्यावर चकती आजारी पडते, ते यंत्र मोजायचं. जितके कमी लागतील तितका जंतू घातक.

बाळाच्या चकतीवर लाल दिवा लागला.

"दह्याला लाल? अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझ्या यंत्राचं? हा जंतू ना विष तयार करत, ना पेशीत घुसत!"

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना, रोग नुसत्या जंतूत नसतो, जंतू आणि शरीर यांची गाठ कशी पडते त्यात असतो? इथली मुलं एकही जंतू न भेटता वाढतात. आपलं कोण, परकं कोण, हे त्यांच्या शरीराला कुणी शिकवलेलंच नाही. साधा पाहुणा आला तरी ते घाबरून स्वतःच्याच घराला आग लावतं."

कुमुदताईंना देवगडची पडवी आठवली. तिथे रांगणारी मैथिली मूठभर माती तोंडात घालायची, मांजराच्या ताटलीत बोट बुडवायची. शेजारच्या काकू हसून म्हणायच्या, "खाऊ दे गो, पोट घट्ट होईल." काय दिवस होते ते! त्यांचा जीव नुसता तुटला.

"बरं, बाळाला नको. मैथिलीला तर देशील? याच दह्यावर वाढलीय ती. बघ तिची चकती."

इलियास जागचा हलला नाही.

"बघ म्हणते ना!"

मैथिलीच्या चकतीवरही लाल दिवा लागला.

"इथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाची शुद्धी होते, मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अंगातले सगळे जंतू काढतात, आणि त्यांची ओळख ठेवणाऱ्या पेशीही पुसतात. त्याशिवाय मुलांजवळ जाता येत नाही."

म्हणजे दर गणपतीला "आई, यंदा सुट्टी नाही गं" म्हणणारी पोर खोटं बोलत होती. आणि आपण तिला काय काय बोललो! चंद्रावर गेलीस म्हणून शेफारलीस, आईबापाला विसरलीस.

"मैथिली, तुला घरी येताच येत नाही, होय गं?"

मैथिलीला रडू फुटलं. "कसं सांगणार होते, आई? आपल्या घरची हवासुद्धा मला सोसणार नाही."

कुमुदताईंनी काचेवर हात टेकला. मग त्यांनी पदराने डोळे पुसले.

"इलियास, माझी शुद्धी कर."

"मॅडम, मग देवगड..."

"कळतं रे मला. आयुष्यभर हेच शिकवलं."

शुद्धीनंतर काचेचं दार उघडलं. खिडकीत निळी पृथ्वी दिसत होती. कुमुदताईंनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण गं तिला इकडे. आता आपण तिघीही इथल्याच."