मोकळ्या कपाळाची बाई

अकोल्यात खाजगी गुप्तहेराला काम मिळणं कठीण, कारण गावात गुप्त असं काही नसतं. तरीही खुशालरावांनी कापूसबाजारातली प्रतवारीची नोकरी सोडली आणि ताजनापेठेतल्या माडीवर 'शोधकार्य' अशी पाटी लावली. टेबल मांडलं ते उत्तरेच्या खिडकीपाशी. कापसाचा रंग उत्तरेच्या उजेडातच पाहायचा, हा प्रतवारीचा पहिला नियम. नोकरी सुटली, नियम सुटला नाही. दाढीसुद्धा ते त्याच खिडकीत करत.

गोवर्धन हा त्यांचा मित्र. धंदा आयुर्विम्याचा. त्यामुळे समोरचा माणूस किती वर्षं जगेल हे त्याला चटकन कळे. तो खोटं बोलतो आहे का, हे मात्र कधीच कळत नसे.

एकसष्टच्या जानेवारीत एका सकाळी अमरावतीहून पुंजाजी नावाचा म्हातारा आला. खुर्ची पुढे केली तरी तो उभाच राहिला.

"माही सून चोर नाही," तो म्हणाला.

"बसा तर आधी. उभ्या माणसाचं मले ऐकू येत नाही," खुशालराव म्हणाले.

पुंजाजी टेकला. त्याची सून भागीरथा विधवा, मॅट्रिक झालेली. कॅम्पातल्या प्राध्यापक देवरावांकडे ती पाच वर्षं कामाला होती. देवराव कॉलेजात शिकवत आणि रात्री गच्चीवरच्या दुर्बिणीतून चांदण्यांचे फोटो काढत. ते काचांवर उमटत, आणि त्या काचा भागीरथा धुऊन ठेवी.

"परवा रातच्याले काचा गेल्या. पिरपेसर म्हणते, म्या सोता तिले घेतानी पायलं. उद्या सकायपर्यंत आणून दे, नाही तं पोलिसात जातो."

"मग जाऊ द्या की. चोर नाही तर भ्यायचं कशाले?" शेजारी बसलेला गोवर्धन म्हणाला.

पुंजाजी त्याच्याकडे वळला. "पातूरच्या शाळेत तिले मास्तरीण म्हणून घेतलं, साहेब. आता त्या नोकरीसाठी पोलीस चौकशी होईन. आमच्या नावापुढं चोरी लिहिली, का मंग कोण खोडते? सात जागी अर्ज केले तवा ही एक जागा भेटली."

खुशालरावांनी कोट घातला.

दुपारी तिघं अमरावतीला उतरले. पुंजाजी सुनेला आणायला वस्तीकडे गेला. देवरावांनी पाहुण्यांना थेट गच्चीवर नेलं. त्यासाठी स्वयंपाकघरातून जावं लागलं, कारण वर जाणारा एकमेव जिना तिथूनच निघत होता. जिन्याच्या शेवटी एक लहानशी कोठडी होती. तिथं काचांचं कपाट. कोठडीतून शिडीनं गच्चीवर जायचं.

"आपण रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांबद्दल काही वाचलं आहे?" देवरावांनी विचारलं.

"विमा उतरवता येत असेल तर वाचतो," गोवर्धन म्हणाला.

देवराव हसले नाहीत. बारा वर्षं त्यांनी एकाच ताऱ्याचा पिच्छा पुरवला होता. तारा एक दिसतो, पण असतात दोन. एक दुसऱ्याच्या पुढून गेला की उजेड घटतो. लोकांना वाटतं तारा विझला. तो असतो तिथंच, फक्त झाकलेला. हे ग्रहण ठरल्या वेळी लागायला हवं, आणि देवरावांच्या काचांवर ते दरवर्षी थोडं चुकत होतं. म्हणजे त्या जोडप्याला ओढणारं तिसरं कोणीतरी तिथं होतं. दक्षिणेतल्या एका वेधशाळेनं त्यांना काचा घेऊन तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. निघायचं परवा होतं.

"काचा नाहीत, तर मी म्हणजे रात्री गच्चीवर बसणारा एक विक्षिप्त मास्तर," देवराव म्हणाले.

"त्या रात्री काय झालं?" खुशालरावांनी विचारलं.

"काही विसरलं म्हणून मी शिडीवरून खाली वाकलो. कपाटापाशी ती उभी होती. वाटलं, धुवायच्या काचा नेते आहे. वर फोटो चालू होता, तो सोडून उतरता येत नाही. सकाळी कपाट रिकामं."

"चेहरा पाह्यला?"

"पदर नाकापर्यंत होता. काचेवर श्वास पडू नये म्हणून मीच तसा घ्यायला लावतो."

"मग ओळखलं कशावरून?"

"पांढरं लुगडं आणि मोकळं कपाळ. या घरात बिनकुंकवाची बाई एकच येते."

"चष्मा होता तुमच्या डोळ्यावर?"

"दुर्बिणीला डोळा लावताना काढतो. पण कुंकू मला चष्म्याशिवायही दिसतं हो. आमच्या हिचंच पाहा, बंद्या रुपयाएवढं असतं."

"आणि कोठडीत दिवा?"

देवरावांनी अभिमानानं कपाटावरचा दिवा दाखवला. त्याला गडद लाल काच होती. साध्या उजेडात डोळे दिपतात, मग फिके तारे दिसत नाहीत. म्हणून अंधार पडल्यावर वर फक्त लाल दिवा. काचा धुवायलाही तोच चालतो.

खुशालरावांनी कोठडीला खिडकी आहे का ते पाहिलं. नव्हती. त्यांचा चेहरा पडला.

खाली किसनराव भेटले. हे देवरावांचे कॉलेजातले सहकारी, सांत्वनाला आले होते आणि तिसरा चहा घेत होते.

"देवराव गेले तर विभाग कोणाकडे येईल?" गोवर्धननं हुशारीनं विचारलं.

"माझ्याकडेच," किसनराव म्हणाले. "म्हणून तर जीव तुटतो हो. काचांची पेटी मी डोक्यावर घेऊन बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत चालत गेलो असतो. आता हा गृहस्थ इथंच राहणार."

गोवर्धननं एक संशयित मनातून खोडला. त्याचं त्याला वाईट वाटलं, कारण चेहरा चोराला शोभणारा होता.

देवरावांच्या पत्नी सत्यभामाबाई चुलीपुढे होत्या. त्यांचं कुंकू खरोखरच बंद्या रुपयाएवढं होतं.

"मी काय सांगणार? शेजारी लीलाबाईंच्या मुलीचा साखरपुडा होता. तिथून आले आणि इथंच टेकले. अंगावर लाल शालू तसाच. तेवढ्यात भागीरथा जिना चढून गेली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. मी हाक मारली नाही."

"आणखी कोणी गेलं?"

"कोणी नाही. मी जाग्यावरून हललेच नाही."

खुशालरावांनी मान वर केली. आढ्याला विजेचा साधा दिवा लोंबत होता. "हा लावलेला होता?"

"मग काय, अंधारात बसू?"

नवरा म्हणतो पाहिली, बायको म्हणते पाहिली. दोन साक्षी, दोन जागा, वर्णन तेच. पुंजाजीला काय सांगायचं, याची गोवर्धन मनात जुळवाजुळव करू लागला.

एवढ्यात म्हातारा सुनेला घेऊन मागच्या अंगणात आला. भागीरथा तिशीची असेल. निळं लुगडं, ताठ मान. ओट्याशी न टेकता ती उभी राहिली.

"त्या रात्री कुठं होतीस, बाई?" खुशालरावांनी विचारलं.

"घरी. बाई म्हणल्या, आज साखरपुडा हाय, काचा उद्या धुजो, तू लवकर जाय. तं दिवे लागायच्या आंधी गेली मी."

"पांढरं लुगडं नेसून?"

"पांढरं?" ती पहिल्यांदाच हसली. "नागपूरले धम्म घेतला तवा नेसली होती. पोराचं दुपटं केलं त्याचं. मालक गेले म्हणून पांढरं नेसायचं, हे आमी तवापासून सोडलं."

"म्हणजे रोज हे निळंच?"

"हे, नाही तं दुसरं निळं."

देवराव मध्येच म्हणाले, "छे, छे. ती पांढरंच नेसते." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

खुशालरावांनी सगळ्यांना वरच्या कोठडीत नेलं. जाताना त्यांनी परातीतल्या वाळलेल्या मिरच्या ओंजळभर उचलल्या. गोवर्धननं पाहिलं आणि मित्राच्या वयाचा हिशेब केला. अजून तशी लक्षणं दिसायला नको होती.

"गोवर्धनभाऊ, दार लावा, शिडीवरची झडपही. देवराव, तो दिवा लावा. आणि चष्मा राहू द्या डोळ्यावर, मले घाई नाही."

कोठडी लाल झाली. खुशालरावांनी ओंजळ पुढे केली. "काय आहे हे?"

"वालाच्या शेंगा," किसनराव म्हणाले. "वाळलेल्या."

"मिरच्या आहेत. तुमच्यासमोर उचलल्या. लाल उजेडात लाल रंग पांढरा होऊन बसते. कापसाचा कवडी, म्हणजे तांबूस डाग लागलेला बोजा व्यापारी लाल कंदिलाखाली दाखवायचे, म्हणून मी खिडकीशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. आता देवराव, भागीरथेकडे पाहा."

तिचं निळं लुगडं डांबरासारखं काळं दिसत होतं.

"परवा ती इथं असती, तर तुम्हाले काळी बाई दिसती. तुम्हाले दिसली पांढरी. म्हणजे बाई लाल नेसलेली होती. आता तुमच्या बाईंकडे पाहा."

देवरावांनी पाहिलं. सत्यभामाबाईंचं कपाळ कोरं होतं. कुंकू जागेवर होतं. दिव्यानं ते झाकलं होतं.

"लाल तर त्या दिवशी बऱ्याच बाया नेसल्या असतील," गोवर्धन हळूच म्हणाला. "साखरपुडाच होता."

"असतील. पण त्या चुलीपाशी कशाला आल्या असत्या? जिना एकच, आणि बाई म्हणतात कोणी गेलं नाही. म्हणतात फक्त भागीरथा गेली, पांढऱ्या लुगड्यात. इथं फसले देवराव, ते लाल दिव्यात. बाई बसल्या होत्या खाली, साध्या दिव्यात. तिथं निळं निळंच दिसते आणि लाल लालच. पांढरं लुगडं या घरात त्या रात्री नव्हतंच. ते फक्त या कोठडीत, देवरावांच्या नजरेत होतं. खाली बसून पाहिलं म्हणणाऱ्या बाईंनी ते पाहिलं नव्हतं. सकाळी नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं."

त्यांनी दार उघडलं. उजेड आला आणि कुंकूही.

"बाई, तो लाल शालू आणता का? या लोकांना तोही दिव्याखाली दाखवतो."

सत्यभामाबाई हलल्या नाहीत. मग खाली गेल्या. परतल्या तेव्हा शालू हातांवर आडवा होता, मूल उचलावं तसा. एकेक घडी उलगडत गेली आणि प्रत्येक घडीत एकेक काच निघाली. एकीलाही ओरखडा नव्हता.

"फोडायच्या नव्हत्या मला," त्या म्हणाल्या. "जाणं तेवढं चुकवायचं होतं. तीन वर्षं तिकडे, त्याआधी बारा वर्षं गच्चीवर. त्या ताऱ्याला जोडीदार आहे, हे यांनी सिद्ध केलं. जिन्याखाली कोण राहतं, ते पाहायला वेळ झाला नाही. मग यांनीच हिचं नाव घेतलं, आणि मला मागे फिरता येईना."

"फिरता आलं असतं," खुशालराव म्हणाले. "नाव त्यांनी घेतलं. साक्ष तुम्ही दिली."



सगळे खाली अंगणात उतरले. देवराव काचा मोजून, उजेडाकडे धरून पाहत होते. शेवटची ठेवल्यावर ते मोकळ्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. सगळ्या मिळाल्या. मी तक्रार करत नाही. घरातली गोष्ट घरातच मिटली."

पुंजाजीनं हात जोडले. भागीरथेनं सासऱ्याचे हात धरून खाली केले.

"सर, माहं घर इतं नाही," ती म्हणाली. "काल तुमी आमच्या वस्तीत येऊन नळापाशी मले चोर म्हणलं. बाया भरून उभ्या होत्या. उद्या शाळेच्या नोकरीसाठी चौकशीवाला पोलीस येईन, तो त्यायलेच इचारन. तं मिटवाचं तितंच मिटवा."

"येईन ना. निघायच्या आधी एकदा सवडीनं..."

"आता नळ येते. आताच चला."

देवरावांनी किसनरावांकडे पाहिलं. किसनरावांनी चहाच्या कपात पाहिलं. कप रिकामा होता.

"चला," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी पायांत चपला घातल्या होत्या. "तुम्ही पाहिलं ते चुकून. माझं मला सांगावं लागेल."

भागीरथा पुढे चालली, तिच्या मागे नवरा-बायको. हे जोडपं दिवसाढवळ्या बरोबर चाललेलं पाहून लीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गोवर्धनला वाटलं, आपण मागे राहावं. पण खुशालराव चालत होते, म्हणून तोही चालला.

नळावर घागरींची रांग होती. देवरावांना पाहून बायका गप्प झाल्या. कोणीतरी तोटी बंद केली. देवरावांनी घसा साफ केला, कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं, आणि जमिनीकडे पाहत एक वाक्य बोलले.

"मोठ्यानं, सर," भागीरथा म्हणाली. "मागच्यायले ऐकू नाही आलं."