रिकाम्या जागेतला उजेड

या, जरा जवळ सरका. हातात टाळ नाही, मागे पेटीवाला नाही, तरी आज एक गोष्ट सांगते. देवाशपथ खरी. माझ्या भाचीच्या, आसावरीच्या बाबतीत घडलेली. बेंगळुरूत, इलेक्ट्रॉनिक सिटीत, गेल्या कार्तिकात, ऐन दिवेलागणीला.

तिच्या लॅबमध्ये सिलिकॉनच्या चिप्समधून प्रकाश धावतो, आणि पलीकडे किती पोचला त्याचा आलेख पडद्यावर उमटतो. सगळ्या चिप्स एकाच घडणीच्या, पण दोघींचा आलेख कधी जुळेल तर शपथ! जाडीत कणभर फरक पडला, की आलेखातलं शिखर सरकलंच.

केसासारखे काचतंतू चिपच्या दोन्ही तोंडांशी जुळवायचे, हे काम दामोदरकाकांचं. "हा लॉट संपवूनच सुट्टी घेणार," म्हणायचे.

लॉट अर्धा राहिला, आणि काका बनशंकरी भागातल्या दवाखान्यात. शुद्ध नाही.

म्हणून त्या संध्याकाळी आसावरीच मोजायला बसली.

पहिली चिप. दुसरी. तिसरी...

सगळ्यांचं शिखर एकाच जागी!

"काका नाहीत म्हटल्यावर चिप्स शहाण्या झाल्या की गं!" शेजारच्या टेबलावरचा अभिराज हसला.

तीही हसली.

मग तिच्या लक्षात आलं... दर चिपला उजेड थोडा थोडा उतरतोय.

तंतू तर जागच्या जागी होते.

तिने चिप उचलून बाजूला ठेवली. तंतूंच्या मध्ये आता काहीच नव्हतं.

पडद्यावर तेच शिखर... आणखी खाली.

अभिराजने प्रकाश सोडणारा लेझरच बंद केला.

शिखर हललं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. काकांच्या पत्नी, हेमलताकाकू.

"आसा, स्वल्प... जरा ऐक गं. यांची बोटं बघ कशी चाललीयत... हवेतच काहीतरी जुळवतायत. पुटपुटतात, अजून एक, अजून एक."

"काकू, थांबवा त्यांना! हात धरा!"

"धरलाय गं मघापासून. ऐकतायत का कुणाचं? चेहरा मात्र किती हसरा झालाय..."

शिखर आणखी खाली.

"काका, राहू द्या!" आसावरी फोनमध्ये ओरडली. "उरलेलं मी करते! काका!"

आणखी खाली...

रेषा सपाट झाली.

पलीकडून काकूंचा हुंदका आला, "थांबली गं यांची बोटं..."

नंतर त्याच चिप्स पुन्हा मोजल्या. एकीचं दुसरीशी जुळेना, नेहमीसारखंच. त्या संध्याकाळचे आलेख मात्र तसेच आहेत. शिखराखाली शिखर, एका ओळीत उतरत गेलेलं.

आसावरी अजून तिथेच कामाला आहे. पण दिवे लागायच्या आत उठते.

"मावशी," ती म्हणते, "लेझर बंद केल्यावर पडद्याकडे बघवत नाही गं. अजून एक शिखर उठतं."



एवढं करा. आज देवापाशी निरांजन लावाल, तेव्हा दामोदरकाकांची आठवण काढा. आणि त्यांना सांगा, काम झालं म्हणून...

आमचं ऐकत नाहीत ते.